ताटाचा दर काढताना माणसांचा पगार शेवटी का धरता?

मागच्या आठवड्यात केटरिंगच्या कॉस्टिंगवर व्हिडिओ टाकला, त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "सर, समोरचा माणूस २२० रुपयांत ताट देतो. मी २६० च्या खाली येऊच शकत नाही. तो कसा देतो?"

तो कसा देतो हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. माझं दुकान डिस्पोजेबल आणि पॅकिंग मटेरियलचं. द्रोण, पत्रावळी, फॉइलचे डबे, टिश्यू न्यायला गावातले निम्मे केटरर काउंटरवर येतात. तेल सगळ्यांना त्याच भावात मिळतं. गॅस सिलेंडर त्याच भावात. पनीरमध्ये फार तर दोन रुपयांचा फरक. मग ताटामागचे चाळीस रुपये कुठून निघतात? बहुतेक वेळा ते वाढप्याच्या, पोळीवाल्या मावशींच्या आणि भांडी घासणाऱ्या पोरांच्या खिशातून निघतात. मालकाला ते कळतही नाही. तो मनापासून म्हणतो, "मी सरकारी रेटपेक्षा जास्तच देतो!"

आज हेच तपासू. व्हिडिओत वेळ कमी होता, इथे आकडे मांडून बघू.

६०० रुपये दिले, तरी कमी कसे?

किमान वेतनाचा दर राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रात त्याचे दोन तुकडे असतात: एक मूळ दर आणि दुसरा विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. शिवाय तुमचं गाव कोणत्या परिमंडळात येतं आणि माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर दर वेगळा. म्हणून मी इथे आजचा दर लिहीत नाही, सहा महिन्यांनी तो जुना होईल आणि कोणीतरी माझा लेख दाखवून जुनाच दर देत बसेल. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर हॉटेल आणि उपाहारगृहांचा तक्ता असतो, तो बघा. नाहीतर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारा. विचारायला गेलं म्हणून कोणी केस करत नाही.

हिशेबापुरता सोपा आकडा घेऊ. समजा अकुशल कामगाराचा सगळा मिळून महिन्याचा दर १३,००० रुपये आहे. रोजचा दर काढताना २६ ने भागायचं, ३० ने नाही, कारण आठवड्याची सुट्टी महिन्याच्या पगारात धरलेली असते. १३,००० भागिले २६ म्हणजे ५०० रुपये रोज.

आता लग्नाची ऑर्डर घ्या. ४०० ताटं, दुपारचं जेवण. आचारी आणि त्याचे दोन हाताखालचे वेगळे ठेवू, त्यांचा रेट तसाही ते स्वतःच सांगतात. उरले दहा वाढपी, चार पोळीवाल्या, चार भांडीवाले. एकूण अठरा माणसं. तुम्ही प्रत्येकाला ६०० रुपये देता. ५०० च्या वर १००. विषय संपला?

नाही संपला. ती माणसं किती वाजता आली? टेम्पो सकाळी सहाला निघाला, सगळे त्यातच बसले. हॉल रिकामा करून, पातेली घासून, टेम्पो भरून सुटले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बारा तास. मध्ये जेवणाची आणि विश्रांतीची एक तास खरोखरची सुट्टी दिली असं धरू (दिली असेल तर!). काम झालं अकरा तास.

मी नेहमी आठ तासांचा दिवस धरून हिशेब करायला सांगतो, कारण तसा केला की कुठल्याही नियमाखाली तुम्ही कमी पडत नाही. ५०० भागिले ८ म्हणजे तासाला साडेबासष्ट. जादा तासाला दुप्पट, म्हणजे १२५. तीन तासांचे ३७५. त्या दिवसाचं किमान देणं झालं ८७५ रुपये, आणि तुम्ही दिले ६००. माणसामागे २७५ रुपये कमी. अठरा माणसांचे ४,९५० रुपये.

आता हेच ४,९५० रुपये ४०० ताटांवर वाटून बघा. ताटामागे १२ रुपये ३७ पैसे.

वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहितो तेव्हा दोन मिनिटं कोणी बोलत नाही. पार्टीने आयत्या वेळी जिलेबीऐवजी अंगूर रबडी मागितली तर आपण याहून जास्त वाढवतो, आणि पार्टी देते. मग हे बारा रुपये मागायची लाज कशाची?

बारा रुपये वाढवायचे नसतील तर वेळापत्रक बदला

भांडीवाल्यांना सकाळी सहाला काय काम असतं? पहिली पंगत साडेअकराला बसते. तोपर्यंत ते हॉलच्या मागे बिड्या ओढत बसतात आणि तुम्ही त्या तासांचे पैसे देणं लागता. हो, लागता. तुम्ही बोलावलं, तो आला आणि तुमच्या ताब्यात थांबला, तो वेळ त्याचा नाही. वरात दोन तास उशिरा आली तरी तेच.

सगळे सहाला येतात याचं एकच कारण: टेम्पो एक आहे. वाढपी आणि भांडीवाले यांना दहाला बोलवा आणि सहाला सोडा. पोळीवाल्या सहाला आल्या तर त्यांना दुपारी तीनपर्यंत मोकळं करा, पोळ्या तेव्हा झालेल्या असतात, त्यांना आवराआवरीला थांबवू नका. जादा तास जवळजवळ उरतच नाहीत. खर्च काय वाढला? टेम्पोची किंवा रिक्षाची एक जादा फेरी. ती ४,९५० च्या आसपासही जात नाही. पगार नियमात बसवणं म्हणजे नफ्यातून पैसे काढणं, असंच आपण समजतो. अनेकदा काम नीट आखलं की तेवढ्यातच भागतं. बीबीएला असताना आम्हाला याला भारी इंग्रजी नाव शिकवलं होतं, पण आचाऱ्याला ते आधीपासूनच कळतं. तो कधी भात आणि भजी एका वेळी टाकत नाही.

पोळीवाल्यांचं अजून एक आहे. त्यांचा दर बहुतेक नगावर किंवा किलोवर असतो. चालतं. पण नगाचा हिशेब त्या वेळेच्या किमान वेतनापेक्षा कमी येत असेल तर फरक तुम्ही भरायचा. कणीक उशिरा आली, सिलेंडर संपला, शेगडी पेटेना, यात मावशींची चूक काय? तसंच, अठरा जणांना बोलावलं आणि पाऊस आला म्हणून कार्यक्रम अर्ध्यावर आटोपला, तर अर्धा रोज देऊन पाठवता येत नाही. माणूस काम करायला तयार होता, काम तुमच्याकडे नव्हतं. पूर्ण रोज द्यायचा. पार्टीकडून ॲडव्हान्स घेताना हे लक्षात ठेवा.

आणि त्याच कामाला पुरुषाला ६०० आणि बाईला ४५० हा प्रकार बंद. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे, आता तो वेतन संहितेतच आहे.

"पण तो स्वतःच कमी पैशांत तयार आहे"

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. गावाकडून पोरगा येतो, हात जोडतो, म्हणतो शेठ द्या काहीपण. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या तयारीला किंमत शून्य. किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार, तोंडी असो की शंभराच्या स्टँप पेपरवर, रद्दच समजला जातो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, याच्याही पुढे जाऊन सांगितलं: गरजेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमीत राबत असेल तर ती वेठबिगारी आहे, राज्यघटनेच्या कलम २३ ने बंद केलेली.

"धंद्याला परवडत नाही" हेही चालत नाही. १९५५ च्या बिजय कॉटन मिल्सच्या निकालापासून न्यायालयाची भूमिका एकच आहे: मालकाची ऐपत हा किमान वेतनाच्या प्रश्नात मुद्दाच नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण विचार करा, परवडत नाही म्हणून तुम्ही वाण्याला तेलाचे निम्मे पैसे देता का?

आणखी एक पळवाट होती. किमान वेतन कायदा ठरावीक उद्योगांच्या यादीला लागू होता, त्यामुळे काही केटरर म्हणायचे, "आम्ही हॉटेल नाही, आम्ही लग्नाची कामं करतो." २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि ती यादीची भानगड संपली. किमान वेतन आता सगळ्याच नोकऱ्यांना आहे. घरगुती डबे देणाऱ्या ताई, तुम्ही दोन बायका कामाला ठेवल्या असतील तर तुम्हीही मालक आहात.

जेवण, उचल, फुटलेली काचेची बाऊल

"राहणं-खाणं आमच्याकडे" म्हणून पगारातून मनाने दोन-तीन हजार कापणारे बरेच आहेत. कोणत्या कपाती चालतात ते कायद्यात ठरलेलं आहे, जेवणाचा भाव तुम्ही स्वतः ठरवून वळता करायचा नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. दंड असेल तर पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंतच. बाऊल फुटली तर त्याच्या निष्काळजीपणामुळे फुटली का, हे त्याला विचारून, त्याचं म्हणणं ऐकूनच कापायचं. दिलेली उचल हप्त्याने वळती करा, त्याला हरकत नाही, फक्त लिहून ठेवा.

गिऱ्हाइकाने दिलेली टीप पगारात धरायची नाही. ती तुम्ही दिलेली नाही.

आणि सगळ्यात वाईट सवय: लग्नसराई संपताना शेवटच्या महिन्याचा पगार अडकवून ठेवणं, म्हणजे पोरगा दिवाळीनंतर परत येईल. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता, असं संहिता सांगते. खरं सांगू, अडकवलेल्या पगारासाठी परत आलेला माणूस तुमच्याकडे मन लावून वाढत नाही. पाहुण्यांच्या अंगावर कढी सांडते ती त्याच्याच हातून.

हॉटेल चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ब्रेक ड्युटी. सकाळी ७ ला आलेला पोरगा रात्री ११ ला जातो आणि मधले काही तास "सुट्टी" म्हणायचे. तो झोपतो तिथेच, टेबलं जोडून. कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत, हे तर आहेच. पण दिवसाची सुरुवात आणि शेवट यात किती अंतर असावं यालाही मर्यादा आहे, आणि सोळा तास कुठल्याच मर्यादेत बसत नाहीत. सलग कामाच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. रात्री साडेनऊनंतर बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षितपणे घरी पोहोचवायची जबाबदारी तुमची. रिसेप्शनची ऑर्डर असेल तर मावशींच्या परतीच्या गाडीचे पैसे कोटेशनमध्येच धरा, रात्री बाराला बसस्टॉपवर सोडून येऊ नका.

छोटू. यावर जास्त बोलत नाही. धाबे, हॉटेलं यांत लहान मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. "शिकतोय बिचारा" हे कारण सांगू नका.

तपासणी आली तर नेमकं काय होतं

इथे माझीच गोष्ट सांगतो. दुकानासोबत सुरुवातीला दोन सीझन मीही छोट्या ऑर्डरी घेत होतो, मुंज, डोहाळजेवण असल्या. सीझन संपल्यावर पोळ्या करणाऱ्या एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझे सहा दिवसांचे पैसे राहिले आणि जास्तीच्या वेळेचे पण." मी म्हटलं, मावशी, सगळे दिलेत. त्यांनी पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं काढली. प्रत्येक कामाच्या तारखेखाली पेन्सिलने आल्याची आणि गेल्याची वेळ, मुलीकडून लिहून घेतलेली. माझ्याकडे काय होतं? मोबाईलमध्ये दोन-चार व्हॉट्सॲप मेसेज, आणि "दिले असतील" अशी आठवण.

मी पैसे दिले. उपकार म्हणून नाही, माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. त्या कामगार कार्यालयात गेल्या असत्या तर काय झालं असतं ते मी नंतर वाचलं.

कामगार स्वतः, त्याची युनियन किंवा निरीक्षक, कोणीही दावा करू शकतो. नव्या संहितेत त्याला तीन वर्षं मुदत आहे, जुन्या कायद्यात सहाच महिने होती. म्हणजे तीन सीझन मागचा पोरगाही येऊ शकतो. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. कामगाराने "मिळाले नाहीत" म्हटलं की पुरावा तुम्ही आणायचा. दावा मंजूर झाला तर राहिलेली रक्कम, आणि शिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई. वरचाच हिशेब घ्या: रोजचे २७५ कमी, सीझनमधले ४० दिवस, म्हणजे एका माणसाचे ११,०००. तिघे मिळून गेले तर ३३,०००. त्यावर भरपाई ३,३०,००० पर्यंत जाऊ शकते. आणि हे सगळं ताटामागे बारा रुपये वाचवायला.

याशिवाय दंड. कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत. पाच वर्षांत तोच गुन्हा परत सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं रेकॉर्ड नसेल तरी १०,००० पर्यंत.

पण घाबरवायचं म्हणून सांगत नाही. संहितेत निरीक्षकाला आता सुगमकर्ताही म्हटलंय, आणि खटला भरण्याआधी त्याने तुम्हाला लेखी सूचना देऊन दुरुस्तीची संधी द्यायची आहे. मुदतीत दुरुस्त केलं तर खटला नाही. पाच वर्षांत तीच चूक परत केली तर मात्र ही संधी मिळत नाही. म्हणून कोणी दारात आलं की शटर खाली ओढू नका, "साहेबांचं चहापाणी" पण करू नका. सूचना लेखी घ्या आणि काय कमी आहे ते भरून काढा.

वाढपी सप्लायरकडून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. "मी सप्लायरला पैसे दिले, पुढचं मला माहीत नाही" हे चालत नाही. त्याने पोरांना दिले नाहीत तर देणं तुमच्याकडे येतं. माणशी किती घेतो आणि पोराच्या हातात किती पडतात, हे पोरालाच विचारा. बिलासोबत नावांची आणि दिलेल्या रोजाची यादी मागा. द्यायला काकू करत असेल तर उत्तर तुम्हाला मिळालं.

वहीत काय हवं

महागडं सॉफ्टवेअर नको. एक आडवी वही: तारीख, ऑर्डर, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सुट्टी किती, जादा तास, रोज, जादा पैसे, कपात असेल तर कशाची, हातात दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, त्याची नोंद आपोआप राहते. मावशींचा फोन नवऱ्याकडे असेल तर त्या म्हणतील रोख द्या, मग रोख द्या, पण सही घ्या. पगाराची पावती देणं आता बंधनकारक आहे, छापील पुस्तक करून घ्या, शंभर पानांचं. वेळ लिहायचं काम आचाऱ्याला देऊ नका, त्याचा हात तेलाचा असतो. टेम्पोच्या ड्रायव्हरला द्या, आणणारा-नेणारा तोच आहे.

दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआय बघा: २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. वीस किंवा जास्त झाली की पीएफ. उकळत्या तेलाशेजारी काम करणाऱ्या माणसासाठी ईएसआयचा दवाखाना ही चैन नाही. यावर वेगळा व्हिडिओ करतोय.

आता त्या २२० वाल्याचं. तुम्ही त्याच्या खाली जाऊ नका. पार्टीसमोर कोटेशन ठेवताना कामगारांची ओळ वेगळी दाखवा: माणसं अठरा, तास इतके, रोज इतका. बरेच यजमान ती ओळ वाचून प्रश्न विचारतात, आणि तिथेच तुम्हाला सांगता येतं की वाढपी पूर्ण वेळ थांबतील, शेवटच्या पंगतीपर्यंत हसत वाढतील. काही जण तरीही २२० वाल्याकडे जातील. जाऊ द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका केटररने मागच्या सीझनला अशा दोन ऑर्डरी सोडल्या. त्यातली एक पार्टी मे महिन्यात परत आली, कारण स्वस्तवाल्याचे सहा वाढपी ऐन मुहूर्ताच्या दिवशी दुसऱ्या हॉलवर निघून गेले होते. तिथे पन्नास रुपये जास्त मिळत होते.

वहीच्या पानाचा नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय, प्रिंट काढा. तुमच्या पुढच्या ऑर्डरचे तास भरून ताटामागे किती फरक येतो ते कमेंटमध्ये लिहा. आकडा चुकला असेल तर मी दुरुस्त करून देईन.